लांबची शाळा

गावात तिला सगळे कवळीवाली म्हणायचे, आणि त्याचं तिला काही वाईट वाटायचं नाही. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे ती काम करायची. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. त्या मापात ती प्लास्टर ओतायची. ते सुकलं की हिरड्यांचा पांढरा ठसा हाती यायचा, मग त्यावर मेण चढवून एकेक दात बसवायचा. पुढचा दात केसभर वाकडा बसला तरी माणूस जन्मभर शिट्टी मारल्यासारखा बोलतो, म्हणून ती फार जपून काम करायची. बाजारात एखादे आजोबा मोकळेपणी हसले की तिची मान आपोआप वळायची, आणि दात ओळखीचे निघाले की ती मनातल्या मनात खूश व्हायची. सांगायची मात्र सोय नव्हती. आजोबा, तुम्ही हसताय ते माझ्या हातचं आहे, असं चारचौघांत कसं सांगणार?

नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. कामाला वाघ, बोलायला मात्र नाखूश. तिचा तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. मेण वितळवताना, भाजी चिरताना, पोरांच्या अंगाला साबण लावताना ती बोलतच असायची. सासूबाई म्हणायच्या, "देवाने दोघांच्या वाटणीचं बोलणं एकीलाच दिलंय. बरं झालं, निदान वाया तरी गेलं नाही."

थोरली मुलगी छबी. ती वर्षाचीही नव्हती तेव्हाची गोष्ट. कवळीवाली तिला कामावर घेऊन गेली होती. हातातून ठशांचा ट्रे निसटला आणि सगळं प्लास्टर फरशीवर फुटलं. दवाखान्यातून डॉक्टर धावत आले, त्यांच्यामागे कंपाउंडर आला, खुर्चीतला पेशंटसुद्धा तोंडातला कापूस सांभाळत दारात येऊन उभा राहिला. छबी पाठमोरी बसली होती, मेणाच्या तुकड्याशी खेळत. तिने मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टरांनी बघितलं. ते छबीच्या मागे गेले आणि जोरात टाळी वाजवली. मग कवळीवालीकडे पाहून म्हणाले, "उद्या हिला कानाच्या डॉक्टरांकडे ने."

पुढे कानाचे डॉक्टर झाले, मोठ्या शहरातले झाले, कानात घालायची यंत्रं झाली. यंत्र घातलं की छबी डोकं धरून रडायची आणि काढलं की हसायची. शेवटी यंत्र कपाटात गेलं आणि घराने आपल्या खुणा तयार केल्या. दातांवरून अंगठा फिरवला की आई. मनगट पिळून स्क्रू फिरवल्यासारखं केलं की बाबा. तोंडाकडे हात नेला की जेवण, गालाखाली तळवा ठेवला की झोप. पाठचा भाऊ जन्मला, आणि तो आईवर गेला. दीड वर्षाचा असल्यापासून बडबड करायचा, म्हणून त्याचं नाव पडलं पोपट. बोटांची चोच केली की पोपट.

छबीला शाळेत एक वर्ष उशिरा घातलं आणि पोपटाला वर्षभर लवकर, म्हणजे दोघं एका बाकावर येतील. बाई फळ्याकडे तोंड करून बोलायच्या आणि पोपट बाकाखाली हात हलवून तिला काहीतरी सांगायचा. काय सांगायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. छबी फळ्यावरचं सगळं वळणदार अक्षरात उतरवून घ्यायची. तिची वही वर्गात फिरवली जायची, इतकं अक्षर सुंदर. काय उतरवलंय ते तिला कळलं का, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्रास नाही, दंगा नाही, दरवर्षी वरच्या वर्गात. बाई खूश, घरचेही खूश.

छबी नऊ वर्षांची झाली तेव्हा नवऱ्याला परदेशात काम मिळालं. फळं साठवायच्या मोठ्या गोदामातली थंडी सांभाळायचं काम. तो आधी पुढे गेला, आणि वर्षभराने त्याने तिघांना बोलावून घेतलं. सासूबाई धाकट्या दिराकडे राहिल्या. निघताना त्यांनी छबीला जवळ घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "हिला नीट शाळेत घाल. पोपटाचं काय, तो उकिरड्यावर बसवलास तरी शिकेल."

नवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक अरुंद गच्ची, समोर बसचं आगार. जवळच, दोन गल्ल्या सोडून, मुलांची शाळा होती. पटांगण दिसायचं, घंटा घरात ऐकू यायची. नवऱ्याने तिथे आधीच विचारून ठेवलं होतं. मुलीला ऐकू येत नसलं तरी घेऊ म्हणाले होते, दिवसातून थोडा वेळ एक मदतनीसही देऊ म्हणाले होते. त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

कवळीवालीलाही तसंच वाटलं. फक्त एक अडचण निघाली. तिथे मुलांना वयाप्रमाणे बसवायचे. छबी वरच्या वर्गात, पोपट खालच्या मजल्यावर. "काही होत नाही गं," पोपट आईला धीर देत म्हणाला, "मी मधल्या सुट्टीत जाईन ना तिच्याकडे. सगळं सांगेन."

काही दिवसांनी पोपटाच्या शिक्षिकेने तिला बोलावलं. शिक्षिका तरुण होती. कवळीवालीला तिथली भाषा अजून जेमतेम येत होती, म्हणून ती एकेक शब्द सावकाश, स्वच्छ उच्चारून बोलत होती.

"तुमचा मुलगा माझ्या वर्गात बसतच नाही," ती म्हणाली. "बाथरूमला जातो म्हणतो आणि वर बहिणीच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. दाराच्या काचेतून हात हलवत असतो. मी त्याला रागावले नाही. पण तुम्ही एकदा येऊन बघा."

ती गेली. वरच्या वर्गाच्या दाराला काच होती, तिथून तिने पाहिलं. मुलं गट करून बसली होती, काहीतरी कापून चिकटवत होती. छबी एका गटात होती, म्हणजे खुर्ची त्या गटात होती. ती दुसऱ्यांच्या तोंडांकडे बघत होती. एक मुलगी बोलली की तिच्याकडे, दुसरा बोलला की त्याच्याकडे, आणि तिची मान तिथे पोचेपर्यंत तिसरंच कुणीतरी बोलत असायचं. सगळे हसले. छबीही हसली, इतरांच्या जरा मागून. मग तिने आजूबाजूला पाहिलं, हसणं थांबलंय का ते बघायला.

कवळीवाली जिना उतरून खाली आली आणि पटांगणाच्या कठड्यावर बसून राहिली. आयुष्यभर तिने लोकांची तोंडं बघितली होती. पण तोंडाकडे असं बघणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं, आणि ते तिच्याच घरात दहा वर्षं होतं.

त्याच शिक्षिकेने तिला दुसऱ्या शाळेबद्दल सांगितलं. दुसऱ्या गावात, रेल्वेने जायचं, वाटेत गाडी बदलायची. फक्त ऐकू न येणाऱ्या मुलांची. लांबची मुलं आठवडाभर तिथेच राहतात, शुक्रवारी घरी येतात.

घरी तिने विषय काढला तेव्हा नवरा जेवत होता. त्याने घास खाली ठेवला.

"म्हणजे पोरगी आठवड्याने बघायची," तो म्हणाला. "मग वर्षभर एकटा राहून तुम्हाला इथे कशाला आणलं मी?"

"बघून तर येऊ. बघायला काय जातं?"

"शेजारची शाळा काय वाईट आहे? घेतलंय ना त्यांनी."

"घेतलंय. शिकवतंय कोण?"

"आधीच्या शाळेत तरी कोण शिकवत होतं? पण रोज घरी होती ना ती."

एवढं बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिची दातखीळ बसली. पोपट मात्र मध्येच म्हणाला, "मी आहे ना. मी शिकवीन तिला."

"आणि तुला कोण शिकवणार, बाळा? तू तर दाराशी उभा असतोस," ती म्हणाली. पोपटाने ताटातून मान वर केली नाही.

ती एकटीच गेली बघायला. जुनी, लांबच लांब इमारत होती. आत शिरल्यावर तिला चमत्कारिक वाटलं, कारण शांतता असेल अशी तिची समजूत होती आणि तिथे तर गोंधळ होता. मुलं एकमेकांना हाक मारायला लाकडी जमिनीवर पाय आपटत होती. घंटेऐवजी छताला दिवे होते, ते लुकलुकले की सगळी मुलं उठून धावत सुटायची. जेवायच्या खोलीत कुणाचा चमचा हातात टिकत नव्हता. सांगायचं असलं की चमचा खाली, हात वर. एक मुलगा लांबच्या टेबलावरच्या दुसऱ्याशी सगळ्यांच्या डोक्यांवरून भांडत होता. तिसरा त्यांची नक्कल करत होता आणि त्याच्याभोवती पोरं पोट धरून हसत होती.

मुख्याध्यापिका स्वतः ऐकू न येणाऱ्या होत्या. पिकल्या केसांच्या, जाड चष्मा लावणाऱ्या. त्यांचं बोलणं तोंडाने सांगायला एक दुभाषा शेजारी बसला होता. पण त्या बघत होत्या सरळ कवळीवालीकडे.

"घरी मुलीशी कसं बोलता?" त्यांनी विचारलं.

कवळीवालीने जरा अभिमानाने आपल्या खुणा दाखवल्या. आई, बाबा, जेवण, झोप, शाळा, आजी, बाहेर जायचं, थांब, नको. संपल्या तेव्हा तिलाच वाटलं, एवढ्याच? आणखी होत्या असं वाटत होतं.

"तिला कशाची भीती वाटते?"

"कुत्र्याची."

"ते तुम्ही पाहिलंत," बाई म्हणाल्या. "मी विचारतेय, तिने तुम्हाला काय सांगितलंय?"

कवळीवाली आठवू लागली. भूक लागली हे छबीने सांगितलं होतं, पोट दुखतं हे सांगितलं होतं, पोपटाने मारलं हे सांगितलं होतं. आजी कुठे गेली, आपण इथे का आलो, शाळेत मुलं हसतात ती का, हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायला तिच्याकडे काही नव्हतंच. कवळीवालीला भर खोलीत रडू कोसळलं. मुख्याध्यापिकांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि तिचं रडणं संपेपर्यंत दुसरीकडे कुठे न बघता बसून राहिल्या.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मी नाव घालून आले."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला वाटतंय ना, मग कर. पण तिला सोडायला मी येणार नाही. मला जमायचं नाही ते."

सोडायला ती आणि पोपट गेले. सगळ्यांत अवघड होतं ते छबीला सांगणं. मुख्याध्यापिकांनी विचारलं होतं, इथल्या एखाद्या मोठ्या मुलीला समजावून सांगायला लावू का. पण छबीला त्यांची भाषा येत नव्हती आणि घरच्या खुणांमध्ये त्यासाठी शब्द नव्हता. तू इथे राहायचं, आम्ही जाणार, पाच रात्रींनी मी येणार. कवळीवालीने वाटेत गाडीत शंभरदा मनात जुळवून पाहिलं. शेवटी वसतिगृहाच्या खोलीत, चार पलंगांपैकी खिडकीजवळच्या पलंगावर छबीला बसवून ती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. दातांवरून अंगठा फिरवला. आई. मग गालाखाली तळवा ठेवून डोळे मिटले. झोप. पुन्हा झोप. असं पाचदा केलं. मग दोन बोटं चालत आल्यासारखी छबीच्या मांडीपर्यंत आणली.

छबी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने आईच्या छातीवर तळवा ठेवला आणि दाबून धरला. पोपटाने हात काढायचा प्रयत्न केला तर तिने त्याला ढकललं. वसतिगृहाच्या बाईंनी तिला हळूच उचलून मागे घेतलं तेव्हा तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो कवळीवालीने आधी कधी ऐकला नव्हता. छबीने तो ऐकलाच नसेल. जिना उतरताना पोपट म्हणाला, "आई, तिला कळलं नाही गं. मी पुन्हा सांगून येऊ?"

"नको," ती म्हणाली. "आता गेलास तर मग मला निघता येणार नाही."

हा 'नको' पुढे कितीतरी वर्षं तिच्या मनात खुपत राहिला.

शुक्रवारी ती वेळेआधीच फाटकाशी जाऊन उभी राहिली. मुलं बाहेर आली, त्यांच्यामागून छबी आली. तिने आईला पाहिलं, धावत आली, आईच्या गालाला हात लावला. दंडाला करकचून चिमटा काढला. कवळीवाली कळवळली, आणि ती कळवळलेली पाहिल्यावर छबीने पाठ फिरवली. संपूर्ण वाटेत, दोन्ही गाड्यांत, ती खिडकीबाहेर बघत राहिली. कवळीवालीने तिचा चेहरा आपल्याकडे वळवला की ती डोळे मिटून घ्यायची. ऐकणाऱ्या माणसाला कान मिटता येत नाहीत. छबीने डोळे मिटले की तिच्यापर्यंत जायचा रस्ताच बंद व्हायचा, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

असे कितीतरी शुक्रवार गेले. मग हळूहळू चिमटे बंद झाले, रडणं बंद झालं. पहिला उन्हाळा सरेपर्यंत छबीचे हात बोलू लागले. आधी अडखळत, मग भराभरा, मग असे की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. ती घरी यायची ती सांगायच्या गोष्टींनी भरून. कोण कुणाशी भांडली, गणिताच्या सरांची मिशी कशी हलते, कुणाच्या गादीखाली काय सापडलं, सगळं. कवळीवाली समोर बसायची आणि तिला दहातली एखादी गोष्ट कळायची.

शाळेत पालकांसाठी खुणांची शिकवणी होती, बुधवारी संध्याकाळी. पण तोवर कवळीवालीला घराजवळच्या एका कारखान्यात दात बसवायचं तिचंच काम मिळालं होतं, आणि बुधवारी ती सुटेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असायची. खुणांची भाषा येणाऱ्या शेजारच्या एका बाईंकडून, फोनवरच्या चित्रांवरून, मिळेल तिथून ती शिकत राहिली. दातांवर बारीक काम करणारी तिची बोटं, पण या कामात ती काठीसारखी ताठ व्हायची. एकदा ती छबीला 'तुझी आठवण येते' म्हणायला गेली आणि काय म्हटलं कुणास ठाऊक, छबी गडाबडा लोळली. नंतर तिने आईचा हात धरून, बोटं वाकवून, नीट खूण करून दाखवली. लहान मुलाला अक्षर गिरवायला लावतात तशी.

पोपट सगळ्यात आधी शिकला. पण त्याला शिकून करायचं काय? एका शनिवारी दुकानात छबीला काहीतरी हवं होतं. पोपट नेहमीसारखा पुढे झाला, दुकानदाराला सांगू लागला. छबीने त्याला बाजूला सारलं, कागदावर दोन शब्द लिहिले आणि दुकानदारापुढे धरले. परत येताना पोपट एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर आईजवळ येऊन म्हणाला, "तिने मला नको म्हटलं."

"अरे, तिला स्वतःला जमतंय आता. चांगलं नाही का ते?"

"चांगलंच आहे," तो म्हणाला. "मी कुठे वाईट म्हणतोय?"

त्या वर्षी त्याच्या शिक्षिकेने सांगितलं की मुलगा अभ्यासात छान आहे, पण फार गप्प असतो. कवळीवालीला ते ऐकून हसावं की रडावं ते कळेना. तिने इतकंच म्हटलं, "घरी आम्ही त्याला पोपट म्हणतो." शिक्षिकेला त्याचा अर्थ विचारायचं सुचलं नाही, आणि हिनेही सांगितला नाही.

गंमत अशी, की शाळेला विरोध करणाऱ्या बापाचं आणि छबीचं मस्त जमलं. तो एकही नवी खूण शिकला नाही. शनिवारी कुणाचा तरी बिघडलेला पंखा, मिक्सर, इस्त्री घेऊन गच्चीत बसायचा. छबी शेजारी. तो हात पुढे करायचा आणि ती नेमका हवा तो पाना त्याच्या हातात ठेवायची. तासन्‌तास दोघं असेच बसायचे. संध्याकाळी पंखा फिरायला लागला की दोघं एकमेकांकडे बघून मान हलवायचे. कवळीवाली आतून बघायची. तिला आनंद व्हायचा आणि हेवाही वाटायचा. नवऱ्यावर राग काढायचा तर कशासाठी? आपलेच दात, आपलेच ओठ.

छबी बारा वर्षांची असताना एकदा परतीच्या वाटेवर गाडी बदलायला दोघी फलाटावर बसल्या होत्या. आता कवळीवालीला बरंच कळायला लागलं होतं, छबी सावकाश बोलली तर. छबी म्हणाली, "तुला माहीत आहे, पहिल्या दिवशी मला काय वाटलं होतं?"

"काय?"

छबीने एक खूण केली. कवळीवालीला ती कळली नाही. पुन्हा केली, तरी नाही. मग छबीने जरा विचार केला आणि घरची जुनी खूण केली, जी तिने कित्येक महिन्यांत केली नव्हती. दातांवरून अंगठा. आई. आणि गालाखाली तळवा.

"झोप?" कवळीवाली म्हणाली.

छबीने मान हलवली, नाही. मग हवेत दाढी काढली आणि काठी टेकल्यासारखं केलं. आजोबा. आणि पुन्हा गालाखाली तळवा.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. छबी पाच वर्षांची असताना सासरे गेले. त्यांना बाहेरच्या खोलीत निजवलं होतं आणि छबी त्यांना हलवून उठवायला बघत होती. तिला काय सांगायचं ते कुणाला सुचेना, म्हणून ज्याने त्याने गालाखाली तळवा ठेवून दाखवला. आजोबा झोपले. मग आजोबांना उचलून नेलं आणि ते परत आले नाहीत. छबीपुरता त्या खुणेचा अर्थ तिथेच बदलला होता, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. रोज निजायच्या वेळी ती तीच खूण बघत होती, तेव्हा तिला काय वाटत असेल, देव जाणे. आणि वसतिगृहाच्या खोलीत आईने दातांवरून अंगठा फिरवून ती खूण एकदा नाही, पाचदा केली होती.

म्हणून छातीवर हात ठेवला होता तिने. म्हणून चिमटे काढत होती.

"मग शुक्रवारी तू आलीस," छबी म्हणाली. "मला खूप राग आला."

कवळीवालीने माफी मागायला हात उचलला. पण तिला जी खूण येत होती ती गर्दीत कुणाला धक्का लागला तर करायची होती. ती खूण तिने केली. दुसरी येत नव्हती. छबीने खांदे उडवले, "जुनी गोष्ट आहे," म्हणाली, आणि गाडी आली का ते बघायला उठून उभी राहिली. एवढ्या मोठ्या गोष्टीवर दोघींचं एवढंच बोलणं झालं.

पुढे छबी मोठी झाली. आधी एखाद-दुसरा शुक्रवार मैत्रिणींकडे राहू लागली, मग महिन्यातून एकदा घरी, मग सुट्टीपुरती. शाळा संपल्यावर त्याच गावात चष्म्यांच्या काचा घासायच्या कारखान्यात लागली. बोटं आईचीच होती, काम वाऱ्यासारखं करायची. तिथलाच एक मुलगा, शाळेतला, तिने पसंत केला. पोपट इंजिनियर होऊन तिसऱ्याच शहरात गेला. फोन करतो, विचारलं तेवढं सांगतो.

कवळीवालीच्या कारखान्यात अधूनमधून तिच्याच भाषेची एखादी नवी बाई येते, नुकती परदेशात आलेली. जेवायच्या सुट्टीत विषय निघतोच. मुलांना कुठल्या शाळेत घालायचं? जवळची बरी की चांगली बरी? भाषेचं काय? सगळ्यांना वाटतं हिला विचारावं, हिची मुलगी बघा कशी स्वतःच्या पायावर उभी राहिली. कवळीवाली डबा बंद करते आणि म्हणते, "दोन्ही बघून या. पटेल तिथे घाला. नंतर वाईट वाटेलच, ते धरूनच चाला."

"तुम्हाला वाटतं का वाईट?" एकीने विचारलं होतं.

"शेजारच्या शाळेत घातलं असतं तर तिला माझ्याशी बोलताच आलं नसतं," कवळीवाली म्हणाली. मग म्हणाली, "आता तिला बोलता येतं. मला ऐकता येत नाही."

परवा छबीने नव्या घरी जेवायला बोलावलं होतं. नवरा-बायको दोघं गेले. घर छान होतं, उजेड भरपूर, दाराशी घंटेचा दिवा. छबीच्या मित्रमैत्रिणी आल्या होत्या, मोठं टेबल भरून. जेवणं झाली आणि गप्पा रंगल्या. सहा-सात जणांचे हात एकाच वेळी चालत होते. कवळीवाली एकीकडे बघायची, तोवर बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. छबी काहीतरी गोष्ट सांगत होती, उभं राहून, सगळं अंग वापरून. सगळे तिच्याकडे टक लावून बघत होते. मग सगळे एकदम हसले. टेबल हातांनी बडवून हसले, पेले हलले.

कवळीवालीने छबीच्या बाहीला हात लावला आणि विचारलं, काय झालं?

छबीने हसता हसता वळून पाहिलं. मोठी गोष्ट होती, आणि समोरचे पुढचं ऐकायला थांबले होते. "काही नाही, आई," तिने सावकाश, स्वच्छ खुणा करून सांगितलं. "नंतर सांगते." आणि आईच्या खांद्यावर प्रेमाने थोपटून पुन्हा वळली.

कवळीवाली उठली आणि ताटल्या गोळा करून ओट्याकडे घेऊन गेली. जावई धावत आला, राहू द्या म्हणून हाताने सांगू लागला, पण तिने नळ सोडला होता.

निघेपर्यंत छबीला ती गोष्ट सांगायची आठवण झाली नाही. परतीच्या गाडीत दिवे लागले होते. नवरा खिडकीशी बसला होता, म्हातारा दिसत होता. त्याने विचारलं, "काय गं, एवढं हसत होते सगळे. काय सांगत होती पोरगी?"

"तिच्या साहेबांची गंमत सांगत होती," ती म्हणाली. "चष्मा डोक्यावर ठेवून कारखानाभर शोधत फिरले म्हणे."

तो हसला. मग मान मागे टेकून त्याने डोळे मिटले, आणि ती बाहेर बघत राहिली.